रिकाम्या पोटी घातलेली मागणी

सायकलवीर रस्त्याकडेच्या दगडावर बसून रडत होता. पाऊस भुरभुरत होता, म्हणजे रडायला आडोसा चांगला होता. तरी तिला ते गाडीतूनच कळलं. ती एका सायकल संघाची आहारतज्ज्ञ. संघ पुढे गेलेला, आणि हा कुठल्याच संघाचा नव्हता. तिने गाडी थांबवली.

"दुखतंय कुठे?"

"नाही. डोळ्यांतून पाणी आपोआप येतंय... मी काही करत नाहीये."

त्याचे हात थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. तिने ब्रेडला जाम फासला, पाण्यात साखर ढवळली आणि दोन्ही पुढे केलं. तो मात्र तिच्याकडेच बघत राहिला – असा, की तिने उगाचच ओले केस कानामागे सारले.

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही. खा."

"मग माझ्याशी कराल?"

"रक्तातली साखर उतरली की माणूस रडतो, भांडतो, नाहीतर मागणी घालतो. रिकाम्या पोटी घातलेली मागणी आम्ही धरत नाही. चावून खा."

तो निमूट चावत राहिला. हळूहळू ओठांना रंग आला, रंगामागून लाज आली. मागणीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्याचं तिला वाईट वाटलं; हे तिच्या शास्त्रात बसत नव्हतं.

"रात्री काय जेवता?" तिने आपला धंद्यातला प्रश्न विचारला.

"तीन दिवस काहीच नाही. दिवसभर चरतो की."

"ते पायडल मारण्यातच जातं. स्नायूंची कोठी भरते ती रात्री. तुम्ही तीन दिवस रिकामी कोठी खरवडताय. आज जेवला नाहीत, तर उद्या घरी जाल. टेम्पोत पडून."

त्याने बोटाला लागलेला जाम पुसला.

"ही सफर दादाने आखली होती. आम्हा दोघांसाठी. हिवाळ्यात तो गेला... आता समोरची रिकामी खुर्ची दिसली की घास उतरत नाही."

तो ज्या गावात थांबणार होता, तिथेच संघाचा मुक्काम होता. रात्री खानावळीत ती त्याच्या समोरच्या त्या खुर्चीत जाऊन बसली.

"वाढू?"

"पोट भरलं."

"पोटाला कोण विचारतंय? पायांना हवंय."

तो जेवला. दादाबद्दल बोलत जेवला, आणि पुन्हा रडला. या खेपेला साखर जागेवर होती. तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा सरकवला.

सकाळी भुरभुरत्या पावसात गावाबाहेर दोघांचे रस्ते फुटत होते. त्याचा चढ धुक्यात शिरला होता.

"काल मी काहीतरी बोललो—"

"असतं तसं. आम्ही धरत नाही."

"आत्ता भरपेट न्याहारी झालीये," तो म्हणाला. "तरी तेच म्हणायचंय."

तिने त्याच्या हेल्मेटचा पट्टा उगाचच नीट केला.

"पण आज रात्री समोर कुणी नसेल," तो हळूच म्हणाला.

"फोन उभा कर त्या खुर्चीत. मी इकडे ताट वाढून बसते... आणि हे बघ, सफर संपेपर्यंत रोज विचार. जेवण झाल्यावर."

तो धुक्यात दिसेनासा झाला, तरी ती भिजत उभीच होती. मागून संघ न्याहारीसाठी हाका मारत होता. संघाने थोडं उपाशी राहायला तिची हरकत नव्हती.