चाळिसावी पट्टी

चहा संपवा आणि जरा जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. राजकोटला मी सव्वीस वर्षं फिटर होतो आणि ज्या वर्कशॉपमध्ये हे घडलं, तिथेच माझी हजेरी लागायची. त्या रात्री मात्र मी घरी होतो, देवाची कृपा.

आमचा सुपरवायझर हरसुखभाई. गोडबोल्या माणूस, पण स्वतःची चूक मेला तरी कबूल करायचा नाही. आणि बेंडिंग मशीनवर लाखाभाई पिठवा. मशीन आडवं. पट्टी टेबलावर उभी धरायची, बाजूने दट्ट्या येतो आणि तिला वाकवतो. तांब्याची पट्टी दाबातून सुटली की अंश-दोन अंश परत उघडते. म्हणून नवा माल आला की लाखाभाई त्यातली एक पट्टी आधी वाकवून मोजायचा, मगच दट्ट्याने किती पुढे यायचं ते ठरवणारा स्टॉपर लावायचा.

एकदा घाईत हरसुखने जुन्याच खुणेवर स्टॉपर लावला. नव्वदऐवजी ब्याण्णव अंशांत दोनशे पट्ट्या वाया गेल्या. शेठ भडकले, तर हा मशीनवर हात ठेवून म्हणतो, "विश्वकर्मादादाची शपथ, शेठ, स्टॉपर लाखाने लावला."

आमच्यात मशीनची शपथ म्हणजे शेवटचा शब्द. लाखाभाईला काढलं. मग अख्ख्या राजकोटात कुणी त्याला मशीनपाशी उभं करेना. भाजीची गाडी ढकलता ढकलता सहा महिन्यांत गेला बिचारा. मला अजून संताप येतो.

दोन वर्षांनी, दिवाळीतली काळी चौदस. त्या दिवशी सूर्य मावळला की तिकडे यंत्राला कुणी हात लावत नाही. बायका चौकात वडे ठेवतात, घरातला कलह बाहेर टाकतात आणि मागे न बघता परततात. नेमकं त्याच संध्याकाळी शेठ हरसुखला म्हणाले, "सकाळी आठला चाळीस पट्ट्या हव्यात. तूच वाकव. लाखा गेल्यापासून कोन चुकतायत. आज चुकले, तर तेव्हा खोटं कोण बोललं ते मला कळेल."

रात्री घरून निघताना त्याची बायको म्हणाली, "आज नका जाऊ हो. तिथे कुणी नसेल."

"बरंच आहे की! तुझ्यासारखी बडबड तरी नसेल."

पावणेबारा वाजता त्याने मशीन चालू केलं. मोजून चाळीस पट्ट्या. नमुना वाकवायला एकही जास्तीची नव्हती. पहिली वाकवली, मोजली. ब्याण्णव. परत दाबली, तर तडकली.

उरल्या एकोणचाळीस. हरसुखने दुसरी पट्टी लावली... आणि तिचं पलीकडचं टोक कुणीतरी धरलं.

अलगद. सरळ. जसं कारागीर धरतो.

त्याने मान वर केली नाही. पॅडल दाबलं. मोजली.

नव्वद.

तिसरी. नव्वद. चौथी. नव्वद. हे त्याने नंतर मला दवाखान्यात सांगितलं. म्हणाला, "भीतीपेक्षा हावच मोठी होती रे. मी वर बघितलंच नाही." शेवटी शेवटी तर हा नुसता हात पुढे करायचा. "दे."

आणि पट्टी हातात यायची.

एकोणचाळीस झाल्या. त्याने मशीन बंद केलं.

दट्ट्या ढकलणारा पंप थांबला नाही.

"हरसुखभाई..." पलीकडून आवाज आला. जुना. नम्र. "एक कमी आहे."

"माल... माल संपला, लाखा."

दट्ट्या आपोआप मागे सरकला.

"मी शेठना सांगतो. सगळं सांगतो. सकाळीच..."

"हात द्या."

"लाखा..."

"द्या. नमुना लागणार नाही. मला अंदाज आहे."

सकाळी शेठने शटर उघडलं तेव्हा हरसुख भिंतीला टेकून बसला होता. रडत नव्हता, ओरडत नव्हता. टेबलावर एकोणचाळीस पट्ट्या, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. आणि त्याच्या उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट वळलेलं. सांध्यात नाही... दोन सांध्यांच्या मध्ये, जिथे फक्त हाड असतं. डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढला. मोड नाही. चीर नाही. सूजसुद्धा नाही. हाडच वळलेलं.

खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली नाही. दवाखान्यात तो झोपला होता, तेव्हा मी खिशातला कोनमापक काढून त्या बोटाला लावला.

नव्वद.