वाळलेला हार

उद्यमनगरात तिळगुळाची दुकानं लागली होती, पण तानाजी लोहार गेला आठवडाभर रोज सकाळी उठत ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मेंदूज्वरानंतर त्यांच्या डोक्यात नवं काही टिकत नव्हतं. म्हणून पलंगामागच्या कोनाड्यात स्मृतिसंच बसवला होता. कानामागची चकती दिवसभरातलं सगळं टिपून घेई, रात्री झोपेत ते संचात उतरे आणि पहाटे संच साऱ्या आठवणी पुन्हा मेंदूत भरे. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आता संच चालू होई, पण जुन्याच आठवणी भरे.

दुरुस्तीला आलेल्या समीना मुजावरनं संच उजेडात, टेबलावर आणला. त्याच्यावर झेंडूचा एक सुकलेला हार होता, तो तिनं जपून बाजूला ठेवला. घड्याळ बरोबर होतं, तारीख बरोबर होती. शेवटची आठवण मात्र दसऱ्याची. तिनं झाकण उघडलं. मुख्य तबकडी आठवड्यापूर्वी जळाली होती, त्यामुळे संच कुणाला न विचारता राखीव तबकडीवरून चालू होत होता. ही राखीव प्रत रोज ताजी व्हायला हवी होती. ती का झाली नाही, हे राखीव तबकडीमागची खाच पाहताच कळलं. लिहिणाऱ्या पिनांवर हळदकुंकवाचा घट्ट थर बसला होता आणि त्यात चार अक्षता.

"दसऱ्याला लेथला, ड्रिलला लावतोच की आम्ही," तानाजींच्या पत्नी शैलाताई ओशाळून म्हणाल्या. "यालाबी ह्यांनीच लावलं. म्हणाले, मी तर ह्याच्यावरच चालतोय. हार प्रणवनं घातला."

प्रणव त्यांचा एकुलता एक मुलगा. दिवाळीनंतर महामार्गावरच्या अपघातात गेला. मुख्य तबकडीसोबत त्याचं मरणही तानाजींच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. पहिल्या सकाळी त्यांनी प्रणवची चौकशी केली, तेव्हा शैलाताईंनी खरं सांगितलं. तानाजींनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच आकांत. तिसऱ्या सकाळपासून त्या सांगू लागल्या की तो पुण्याला गेलाय, येईल. 

हे ऐकत समीनानं स्पिरिटनं पिना घासून काढल्या. मधले महिने परत मिळणार नाहीत, पण आज रात्रीपासून संच लिहायला लागेल, हे तिनं समजावून सांगितलं. आज ते जे ऐकतील, ते उद्या त्यांच्यापाशी राहील. खरंही आणि खोटंही.

"आणि नाही लिहिलं तर?" शैलाताईंनी हळूच विचारलं. "आहे तसंच ठेवलं तर चालतंय का?"

 असं ठेवता येत होतं, आणि तेच समीनाला नको वाटत होतं. "मावशी, चालतंय," ती म्हणाली. "पण मग ते रोज त्याची वाट बघणार. आणि तुम्ही रोज एकट्याच रडणार."

तेवढ्यात तानाजी कारखान्यातून हात पुसत आत आले. यंत्र उघडं दिसल्यावर कारागिराला राहवतंय कुठलं. पिना बघायला ते वाकले आणि शेजारचा हार त्यांनी उचलला. पाकळ्यांचा बोटांत चुरा झाला. तो चुरा त्यांनी तळहातावर घेतला.

"शैला," ते म्हणाले, "प्रणवनं कालच घातला ना हा? मग एवढा वाळला कसा?"