तिरप्या नंबराची काच

चष्म्याच्या दुकानाला एकच पायरी होती, पण तिला ती दिसली उताराला लागलेली. पाऊल भलतीकडेच पडले आणि ती थेट काउंटरवर आदळणार, तेवढ्यात एका हाताने तिचे कोपर धरले. त्याच्या दुसऱ्या हातात जेवणाचा डबा होता.

"सावकाश," काचा बसवणारा म्हणाला. "पायरी कुठं पळून जात नाही."

"पळत नाही, पण झुकते. तुमचा चष्मा घातल्यापासून सगळंच झुकतं."

तो हसला. हसता हसता त्याचे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. लांबसडक, स्थिर बोटे. टोकांना तेलाचा काळपटपणा. ती मामाच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करायची. चार दिवसांपूर्वी नवा चष्मा घेतला आणि हातातले कामच अडले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायला जावे, तर एकीच्या दोन दिसत. मामा जीव लावणारा, पण धंदा तो धंदा. 'या आठवड्यात हात बसला नाही तर दुसरा कारागीर बघावा लागेल,' असे त्याने खाली मान घालून सांगितले होते.

गल्ल्यावरून मालक म्हणाले, "सवय होईल, ताई. नव्या नंबराला वेळ लागतो. आणि ती पाटी वाचा. विकलेला माल परत घेतला जात नाही."

"पाटीही वाकडीच दिसते, म्हणून तर आले."

दोन गिऱ्हाइके खुदकन हसली. मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

तिने मात्र आवाज चढवला नाही. पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "माझ्यासमोर काचा मोजा. चिठ्ठीप्रमाणं निघाल्या तर मी मुकाट जाईन. नाही निघाल्या, तर नव्या द्याव्या लागतील, एक पैसा न घेता. तेही नको असेल तर मी ग्राहक न्यायालयात जाते. तिथं वकील लागत नाही, मी चौकशी करून आलेय. आणि तिथं तुमची पाटी चालत नाही."

एवढे सगळे ती भाजीचा भाव विचारावा तशा सुरात बोलली. काचा बसवणारा बघतच राहिला. या दुकानात माणसे भांडायची, रडायची, नाहीतर निमूट निघून जायची. असे बोलताना त्याने कुणाला ऐकले नव्हते.

त्याने चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. वाकून पाहिले... पुन्हा पाहिले. कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर तिरपा, म्हणजे काच ठरावीक कोनातच बसवावी लागणारा होता. असल्या काचेवर कोनाची खूण समोरच्या बाजूने करायची असते. घाईत त्याने ती पालथी धरून केली होती. आरशात डावे-उजवे व्हावे तसा सगळा उतार उलटा झाला होता.

मालकांनी डोळ्यांनी खुणावले – म्हण बरोबर आहे, लाव वाटेला.

"चूक झालीय," तो म्हणाला. "माझ्या हातून. काच उलटी धरली मी."

तिने चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिले. वाकडा दिसत होता बिचारा, तोही एकीकडे कललेला. पण भरल्या दुकानात, मालकासमोर इतके सरळ बोललेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

"पगारातून कापीन," मालक दातओठ खात म्हणाले.

"का म्हणून?" ती म्हणाली. "काच मला दुकानानं विकली, यांनी नाही. भरपाई दुकानाची."

"तुमचं दोघांचं आधीच ठरलंय की काय?"

"अजून नाही," ती म्हणाली – आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः नवा चष्मा घेऊन मामाच्या दुकानात आला. चारी भिंतींवर घड्याळे टिकटिकत होती.

"आधी जरा रस्त्याकडे बघा. सवय –"

"सवय हा शब्द तुम्ही काढूच नका."

चष्मा डोळ्यांवर चढवून ती सरळ मेजापाशी बसली. एक उघडे घड्याळ तिथे पडून होते. तिने चिमट्यात स्प्रिंग उचलली. एकच दिसली. श्वास रोखून ती जागी ठेवली, बोटाने हलकेच फुंकरीइतका धक्का दिला... आणि चाक झुलू लागले.

मामाने लांबूनच पाहिले, दुसऱ्या कारागिराला फोन लावला आणि 'येऊ नका' म्हणून सांगितले.

तिने डोळ्यात बसवायचे भिंग काचा बसवणाऱ्याच्या हातात दिले. "बघा."

तो वाकला. इवलीशी स्प्रिंग आत मिटत होती, उमलत होती. झोपलेल्या बाळाची छाती हलावी तशी. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या, पण हे... हे त्याने कधी पाहिले नव्हते. कितीतरी वेळ त्याला मान वर करवेना.

"हे जिवंत आहे," तो कुजबुजला.

"हं."

"आणि तुम्ही रोज बघता?"

"रोज. तरी रोज पहिल्यांदाच बघतेय असं वाटतं."

त्याने मान वर केली. भिंग डोळ्यातच अडकलेले. "मला... मला यायला आवडेल. बघायला. रोज."

"काय बघायला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल.

मागून मामा म्हणाला, "रोज यायचं तर घड्याळ घेऊन यावं लागतं बरं का."

"माझ्याकडे घड्याळ नाही, मामा."

तिने त्याच्या डोळ्यातले भिंग अलगद काढून घेतले. बोटे क्षणभर गालावर टेकली, थांबली...

"मग असेच या," ती म्हणाली.