आतून न उघडणारं दार

नवीकोरी सेडान चालवून बघून तिने ती शोरूमसमोर उभी केली, खाली उतरली, पुढून वळसा घातला आणि शेजारी बसलेल्या विक्रेत्याचं दार अदबीनं उघडलं.

तो बघतच राहिला. गिऱ्हाइकांसाठी दारं उघडणं हे त्याचं दिवसभराचं काम; त्याच्यासाठी आजवर कुणी उघडलं नव्हतं.

"अय्या!" तिचे कान लाल झाले. "सवय हो... आमच्या पिकअपचं ते दार आतून उघडतच नाही. शेजारच्याला मीच उतरवते."

त्यांच्या रोपवाटिकेची ती जुनी पिकअप समोरच उभी होती, बंपर दोरीनं बांधलेला. दादाचा हुकूम होता — हा खटारा देऊन टाक, सेडान आण, मोठ्या बंगल्यांत जाताना जरा बरं दिसतं. पण बाबांनी तिला गाडी शिकवली ती याच पिकअपवर. बाबा गेले, आता हीसुद्धा जाणार!

"खरं सांगा, दोन्हींत चांगली कुठली?"

पोपटपंचीसाठी त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं.

"सेडानमध्ये खड्डा कळत नाही. मघाशी पिकअप तपासायला एकटाच चक्कर मारून आलो, तर हाडं खिळखिळी झाली. पण —"

"पण काय?"

"तिची सीट सलग आहे. सेडानमध्ये आपल्या दोघांच्या मधे गिअरची केवढी भिंत आहे, बघितलंत?"

ती इतकी दचकली, की घाईघाईनं कागदांवर सह्या केल्या, पिकअपची किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि सेडान घेऊन सुसाट सुटली. पिकअपकडे एकदा वळून बघायचंही राहिलं.

मग सेडाननं छळ मांडला. माती सांडली की जीव वरखाली, उंच रोपं मावेनात, आणि शेजारची सीट कशी दूर, रिकामी...

"एवढी गाडी आणली तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं!" दादा वैतागला.

एका सकाळी फाटकाशी घसा बसलेला हॉर्न वाजला. तिच्या हातून झारी पडली. ती धावली. पिकअप! आणि आत तो — पण चालकाची जागा रिकामी.

"तुम्ही? चालवत कोण आलं?"

"मीच," तो उघड्या खिडकीतून म्हणाला. "मग सरकून इकडे बसलो."

"आणि पिकअप तुमच्याकडे कशी?"

"भंगारात निघाली होती, मी घेतली. साहेबांना वाटलं, मला वेड लागलं."

"लागलंय का?"

"लागलंय. त्या दिवसापासून... मला तुम्ही आवडता."

सरळ असं कुणी बोलतं का!

"दार... दुरुस्त का नाही केलंत?"

"ते तुम्हीच उघडायचं."

"आणि नाही उघडलं तर?"

त्याचा चेहरा पडला. हा विचार त्याने केलाच नव्हता. "तर... आलो तसा सरकत जाईन."

तिने दार उघडलं. तो उतरायला लागला.

"उतरू नका. सरका तिकडे."

तो चालकाच्या जागेवर सरकला. ती आत बसली आणि ते आतून न उघडणारं दार तिने स्वतःच धाडकन ओढून घेतलं.

"आता मला तुम्ही उतरवायचं," ती म्हणाली.