चिकाचे चार थेंब

मंगळावरच्या अरुणा वसाहतीत, आठवा महिना सरत आलेली केतकी रेडेकर मृत्तिका-कक्षात बसून माती हुंगत होती. वसाहतीतली हवा गाळलेली, पाणी उकळलेलं, आणि माणसं तर इतकी धुतलेली की कुणाला साधी शिंक येईना. अशा ठिकाणी एक अभियंता बाई डबा उघडून शेणामातीत नाक खुपसते, हे पाहून सहकारी गालातल्या गालात हसत. हसेनात का बापडे! डबा आजऱ्याहून आला होता आणि सोबत आईचा ध्वनिमुद्रित निरोप होता.

"आपल्या घनसाळ भाताच्या वाफ्यातली हाय बघ. शेणबी हाय त्यात. हात चांगला घाल, लाजू नको."

माती बोटांत आली की केतकीचे डोळे आपोआप मिटत. लाल वाळवंट कुठल्या कुठे जाई, पाण्यात भात डोलू लागे, आणि पोटातलं बाळही त्याच पाण्यात पाय हलवतंय असं वाटे.

ही तयारी वसाहतीच्या डॉक्टर शाहीन बागवान यांनी सुचवली होती. "आईच्या शरीराला जे जंतू भेटतात, त्यांच्यावरचे प्रतिपिंड ते तयार करतं आणि दुधातून बाळाला देतं," त्यांनी समजावलं होतं. "बाहेर कोण कोण आहे, ते दूध बाळाला सांगतं."

"आणि मला इथे कोण भेटलंय?"

"कुणीच नाही. तुझं दूध पोट भरेल, पण मुकं राहील. वर्षभरात आपण सगळे पृथ्वीवर परतणार. तिथली साधी सर्दीही बाळाला झेपायची नाही. म्हणून जन्माआधीच दुधाला बोलायला शिकवायचं."

नववा लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला हातानं चीक काढायला शिकवलं. पिवळसर, दाट असे चार थेंब आले. केतकीला रडू फुटलं, मग खरवस आठवला आणि ती रडता रडता हसली.

प्रतिपिंड-वाचकाच्या पडद्यावर सगळा आजरा उमटला. वाफ्यातले जंतू, शेणातले, पाण्यातले. शेवटी मात्र एक रेघ होती, तिला नावच नव्हतं. डॉक्टरांनी चाचणी पुन्हा केली. रेघ तशीच.

"ही कुणावरची?"

"पृथ्वीवरच्या कुठल्याही जंतूवरची नाही."

"पण न भेटलेल्यावर शरीर प्रतिपिंड बनवत नाही, असं तुम्हीच..." केतकी पडद्याकडे सरकली. इतकी वर्षं यंत्रं खोदत होती, मंगळावर जीव सापडत नव्हता. तिला तो भेटला होता.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "हे कळलं तर पृथ्वी आपल्याला परत घेणार नाही. कुणालाच. माझी दोन मुलं साताऱ्यात आहेत, केतकी." त्यांनी चिकाची कुपी उचलली. "हा चीक ओतून टाकू. तुला दूध आलंच नाही असं मी लिहिते. बाळाला डब्याचं दूध पाज. मग तपासायला काही उरणार नाही."

"आमच्या पणजीच्या वेळी बाया चीक ओतून टाकायच्या, बाळाला बाधतो म्हणून. एवढं शिकून आपण तेच करायचं?"

"तुला आईकडे जायचं नाही?"

"जायचंय ना! रोज तेवढंच स्वप्न बघते मी." केतकीनं डोळे पुसले. "पण माझं बाळ पहिला श्वास याच हवेत घेणार. इथल्या जंतूवरचं औषध फक्त माझ्या अंगात आहे. आणि तो जंतू घेऊन आपण तसेच घरी गेलो, तर माझ्या आईच्या अंगात काय आहे? तुमच्या मुलांच्या?"

डॉक्टरांनी कुपी जपून जागेवर ठेवली. मग त्यांनी अहवाल पृथ्वीकडे पाठवला.

मुलगी झाली. छातीवर ठेवताच ती चाचपडत वर सरकली आणि तिनं बरोबर तोंड लावलं. खिडकीबाहेर गुलाबी धूळ संथ तरंगत होती. केतकीला आजऱ्याची हुरहुर लागली होती, तरी अंगभर सुख झिरपत होतं, आणि दोन्हींतलं खरं कुठलं ते तिला कळेना. मुलगी पिऊन झोपली. तेव्हा केतकीनं ध्वनिमुद्रण सुरू केलं.

"आई, मुलगी झाली. चांगली ओढून पिते. आता ऐक, रडू नकोस. आम्ही परत येत नाही."