दुसऱ्या डिस्कवरची हजेरी

वाळूजच्या आमच्या कारखान्यात तेव्हा एकच मोठा कॉम्प्युटर होता आणि तो माझ्या ताब्यात होता, त्यामुळे मला जरा शिंगं फुटली होती. चारशे कामगार गेटवर कार्ड ओढायचे, कँटीनला जेवताना पुन्हा ओढायचे, आणि प्रत्येक नोंद माझ्या खोलीतल्या दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहिली जायची. एकीवर जे, तेच दुसरीवर. एक मेली तरी कारखाना थांबणार नाही, असं मी मॅनेजर आप्पासाहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. कुठं पेढे वाटले गेले, कुठं दगड आले, एसट्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी, गुरुवारी, पहिली पाळी सुटल्यावर कारखान्याला जे कुलूप लागलं ते सोमवारीच निघालं.

सोमवारी मशीन बूट होईना. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ, बस्स. मी मेमरीची कार्डं काढून खोडरबरानं घासली, केबल बदलल्या, फ्लॉपीवरून चालू करून पाहिलं. दुपारपर्यंत एवढंच कळलं की पहिली डिस्क एकटी जोडली तर मशीन नीट उठतं, दुसरी एकटी जोडली तरी उठतं, पण दोघींना एकत्र नांदवलं की जावाजावांसारखा अबोला. शेवटी दुसरी काढून मी लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि पहिलीवर काम सुरू केलं.

मंगळवारी तीन वाजता वॉचमन कचरू एका बाईला घेऊन आला. प्रेस शॉपमधल्या मल्हारीची बायको, सुगंधाबाई. मूळची सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मल्हारी गुरुवारी कामावर आला तो घरी परतलाच नव्हता. एसट्या बंद होत्या, कुठंतरी अडकला असेल, असं सगळे म्हणत होते. पोलिसांनी नाव लिहून घेतलं होतं. गावाहून मात्र निरोप आला होता की तिकडं तो आलेला नाही. कॉम्प्युटरात सगळं असतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी पाहिलं. आत सहा बावन्न, बाहेर तीन आठ. तो गेलाय बाई, म्हणालो. कचरू मान हलवत राहिला. त्यानं मल्हारीला बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुसऱ्या डिस्कचा दोष शोधायला मी ती एकटी जोडली. सहज मल्हारीचं पान उघडलं. गुरुवार, आत सहा बावन्न. बाहेरचा रकाना कोरा. मला बरंच वाटलं, कारण दोघींचं कुठं बिनसलं ते सापडलं होतं.

मग मी खालच्या ओळी वाचल्या. शुक्रवार, आत सहा बावन्न, कँटीन अकरा तीस. शनिवार तेच. रविवार, सोमवार, मंगळवार तेच. आजचीही नोंद होती. चारशेपैकी फक्त त्याच्या एकट्याच्या नावावर. आणि ही डिस्क दोन दिवस बिनवायरची माझ्या कपाटात पडून होती.

घड्याळ तपासलं, प्रोग्रॅम तपासला. कचरूला घेऊन प्रेस शॉप पालथं घातलं. मल्हारीच्या मशीनवर दुसराच माणूस काम करत होता. मी भुताखेतांना हसणारा माणूस, पण त्या दिवशी मला भीती वाटली.

सुगंधाबाईला सांगायला नको होतं. पण ती तीन वाजता येऊन दारात उभी राहिली आणि माझ्यानं राहवलं नाही. ती रडली नाही. तिनं विचारलं, "जेवनाची नोंद हाय का?"

आहे म्हटल्यावर तिचा चेहरा निवळला.

त्यानंतर ती रोज तीनला येई. मी मशीन पाच मिनिटं बंद करून दुसरी डिस्क जोडी आणि तिला वाचून दाखवी. सहा बावन्न. अकरा तीस. बाहेरचा रकाना रोज कोरा. तेवढं ऐकून ती छावणीतल्या आपल्या घराकडं पायी निघून जाई.

पुढच्या सोमवारी आप्पासाहेब माझ्यावर घसरले. आठ दिवस एका डिस्कवर कारखाना चालवतोस? ती बिघडली तर कोण जबाबदार? आजच्या आज पहिली दुसरीवर उतरव. नवी डिस्क मागवू म्हटलं, तर मुंबईहून यायला महिना लागणार होता. मल्हारीचं त्यांना काय सांगणार होतो मी?

सुगंधाबाईला दुपारी लवकर बोलावून घेतलं. दुसरी डिस्क पुसली जाईल, एवढंच तिला सांगितलं.

"आमच्यात एक मेंढरू बाहेर असलं तरी वाड्याची जाळी लावत नाय, साहेब," ती म्हणाली. "हितं तर ते आत हायत. नका लावू."

माझ्या हातात काही नाही, असं मी म्हणालो. ती गेटवर जाऊन बसली.

दोन्ही डिस्क जोडल्या. दोघींना घेऊन न उठणारं मशीन पहिल्याच फटक्यात उठलं. पहिली दुसरीवर उतरवू का, त्यानं विचारलं.

मी होय म्हटलं.

टक्के चढत गेले. चाळीसला मला मशीन बंद करावंसं वाटलं. हात उचलला नाही. पावणेतीनला काम संपलं. मल्हारीचं पान दोन्हीकडं आता सारखंच होतं. गुरुवार, बाहेर तीन आठ. त्याखाली काही नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी गेटवरून कचरूचा फोन आला. लवकर या, एवढंच तो म्हणाला. मी धावत गेलो.

मल्हारी उभा होता. गणवेश स्वच्छ, दाढी गुळगुळीत. उद्या संक्रांत आणि अजून तीळ आणले नाहीत, म्हणून बायकोवर खेकसत होता. आपण आत्ताच पाळी संपवून निघालो, असं तो सगळ्यांना सांगत होता. आप्पासाहेबांनी त्याला मिठी मारली. लोक जमले, हसले. मलाही रडू आलं.

सुगंधाबाई त्याच्यापासून चार हात लांब उभी होती. तिनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि माझ्याजवळ आली. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज अगदी खाली घेतला.

"साहेब, आज आत जेवले का ते?"