उपटलेल्या काठ्या

जिवंत असो वा मेलेला, सिग्वालला शोधून आणायचं, एवढ्याचसाठी आम्ही पहाटे पठारावर निघालो. सिग्वाल माझा थोरला भाऊ. बुधवारी डोंगरातली झोपडी हंगामापुरती बंद करायला गेला. शुक्रवारी परत निघाला, दुपारी धुकं उतरलं, आणि रविवार उजाडला तरी पत्ता नाही. हेलिकॉप्टर उडेना. बचाव पथक झोपडीपर्यंत जाऊन आलं होतं. तिथे कुलूप! आज उत्तरेची बाजू पथकाने घेतली, दक्षिणेची आम्ही, मी आणि त्याची बायको गुन्वोर. पायांत स्की, कमरेच्या पट्ट्याला दोर, दोराच्या पुढच्या टोकाला एकेक कुत्रा. माझा ब्रागे. तिच्यापुढे सिग्वालची तुस्सा. गुन्वोरमागे रिकामी घसरगाडी.

गुन्वोरला एक गोष्ट ठाऊक नव्हती. धुक्यात वाट चुकू नये म्हणून ईस्टरच्या आधी आम्ही वाटेवर काठ्या रोवतो आणि ईस्टर सरला की ठरल्या रविवारी उपटतो. यंदा पाळी माझी. मी गुरुवारीच उपटल्या! बर्फ छान कडक होतं. म्हटलं, उरकून टाकू, आता कोण मरायला येतंय इथे. अगदी हेच शब्द. गठ्ठे बांधून तळ्याकाठी ठेवले आणि घरी जाऊन झोपलो. भाऊ वर आहे का, हे साधं विचारलंही नाही.

सकाळी रात्रीच्या थंडीने बर्फावर धरलेली पापडी दगडासारखी होती. कुत्री सुसाट सुटली. दहानंतर मात्र धुक्याआडून ऊन लागलं आणि पापडी फुटायला लागली. ब्रागे पोटापर्यंत रुतला. ओढून काढला. पुन्हा रुतला! फुटक्या पापडीच्या धारेने त्याचे पंजे कापले, बर्फावर लाल ठिपके पडत गेले. आम्ही हाका मारत होतो आणि धुकं त्या गिळत होतं. तळ्याच्या अलीकडे ब्रागे आडवा झाला तो उठेचना. मीही बसलो. दोन रात्री उघड्यावर कोण जगतं? भाऊ गेला, आणि तो मीच घालवला.

तिथेच मी गुन्वोरला सगळं सांगून टाकलं. ती माझ्याकडे वळली. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ऊठ," ती म्हणाली. "रडायचं ते घरी जाऊन रड."

ब्रागेला घसरगाडीवर घातलं आणि एकटी तुस्सा ओढू लागली. गुडघाभर चिखलबर्फ तुडवत तळ्याकाठी आलो, आणि गुन्वोर थबकली. समोर एक काठी उभी होती, वाकडी.

"उपटल्यास म्हणालास ना?"

"सगळ्या."

"मग ही कुणी रोवली?"

पुढे दुसरी. पुढे तिसरी! माझा एक गठ्ठा जागेवर नव्हता. काठ्यांची ती वेडीवाकडी रांग बर्फाच्या उंचवट्याशी संपली, आणि तुस्साने दोराला असा हिसका दिला की गुन्वोर तोंडघशी पडली. उंचवट्यात हाताने खणलेलं एक बीळ होतं. बिळात सिग्वाल.

डोळे उघडे होते. पायाची बोटं काळी पडली होती. तुस्सा त्याच्या छातीवर चढून तोंड चाटत होती आणि तिला दूर करण्याइतकंही बळ त्याच्यात नव्हतं. गुन्वोरने त्याच्या तोंडाला थर्मासमधलं गरम सरबत लावलं. दोन घोट उतरल्यावर त्याने मला शोधलं.

"गठ्ठ्याची गाठ हाताने सुटेना," तो पुटपुटला. "दातांनी सोडवली."

मी माझे हातमोजे काढून त्याच्या हातांवर चढवले.

"ओडमुंड, गाठ तुझी होती. बघताच ओळखली."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. गुन्वोरने त्याला घसरगाडीवर बांधलं. ब्रागे कसाबसा उभा राहिला होता. तिने त्याचा दोर माझ्या पट्ट्यातून सोडला आणि दोन्ही कुत्री स्वतःपुढे जुंपली.

"तू मागून ये," ती म्हणाली. "आणि त्या काठ्या लावत ये. उत्तरेकडची माणसं अजून धुक्यात आहेत."

ती मागे न बघता निघाली. मी तळ्याकाठचा उरलेला गठ्ठा खांद्यावर घेतला आणि बर्फात रुतत, उठत, एकेक काठी रोवत त्यांच्या मागून घरी आलो.